सहीपूर्वीचे वाचन

शासकीय सेवेत असताना ठेकेदारांशी झालेल्या असंख्य करारनाम्यांवर आम्ही सह्या केल्या. ‘खात्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील’ ही अट ते निमूटपणे मान्य करीत. आम्हांसही तीत वावगे वाटत नसे. निवृत्तीनंतर इंदूरच्या आमच्या घरी भाचा वितरकीचा करारनामा घेऊन आला, तेव्हा ती अट आम्ही प्रथमच दुसऱ्या बाजूने वाचली. दर कंपनी एकतर्फी बदलणार, एकमेव लवादही तीच नेमणार, दावा केवळ चेन्नईत चालणार! वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने असा लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केले आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २८ न्यायालयाचे दार सर्वस्वी बंद करू देत नाही. मात्र अधिकारक्षेत्र असलेल्या न्यायालयांपैकी एकच ठरवून घेण्यास हरकत नसते. अनामत रकमेसाठी चेन्नईच्या खेपा घालणे भाच्याला परवडणारे नव्हते. आमच्या सांगण्यावरून त्याने लेखी बदल मागितले. लवादाची अट सुधारली, चेन्नई मात्र कायम राहिली. त्याने सही केली नाही. आमच्यासमोर बसलेल्या ठेकेदारांपैकी एकालाही ‘आधी वाचून घ्या’ असे आम्ही कधी म्हटले नाही, हे त्या दिवशी फार बोचले.