श्वानगणना

नीरा आणि भीमा यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे आमच्या कुलदैवताचे गाव. वर्षातून एकदा तेथे जावे, लक्ष्मी-नृसिंहाचे दर्शन घ्यावे आणि घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर स्वस्थ बसावे, हा आमचा जुना परिपाठ. यंदा मात्र त्या पायऱ्यांवर बसून आम्ही जो उद्योग केला, तो ऐकून वाचकांस हसू आल्यावाचून राहणार नाही. आम्ही गावातील भटकी कुत्री मोजली!

या उद्योगाचे मूळ तितकेसे हसण्यासारखे नाही. आमच्या बालपणी शेजारच्या वाड्यातील एका सवंगड्यास असेच एक कुत्रे चावले. घरच्यांनी जखमेत मिरचीची पूड भरली आणि ती गोष्ट सारे विसरून गेले. महिना-दीड महिन्याने तो मुलगा पाण्यास भिऊ लागला. त्यापुढील चार दिवसांचे वर्णन करण्याचे धैर्य आम्हांस आजही नाही. ते कुत्रे कोणाचे, ते कोठे गेले, गावात तशी आणखी किती होती, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

आज हे प्रश्न विचारले जातात. गावातील शेकडा 70 कुत्र्यांस लस टोचली गेली, तर रोगाची साखळी तुटते, असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. परंतु शेकडा 70 म्हणजे कितीपैकी किती? माणसांची शिरगणती होते. कारण माणसास दार असते आणि दारावर क्रमांक असतो. उकिरड्यावर जन्मलेल्या जिवाची नोंद कोणत्या दप्तरी सापडावी?

यावर एक युक्ती आहे. लाप्लास या फ्रेंच गणित्याने 1802 साली फ्रान्सची लोकसंख्या अजमावताना तिच्यासारखाच विचार केला होता. पुढे पीटरसनने माशांसाठी आणि 1930 साली लिंकनने रानबदकांसाठी ती वापरली. आम्हीही तीच योजिली. पहिल्या दिवशी पहाटे घाट, देवालय आणि पेठ हिंडून 24 कुत्री पाहिली. कोणाचा कान तुटका, कोणाच्या पाठीवर ठिपका, अशा खुणा वहीत टिपल्या. दुसऱ्या पहाटे 20 दिसली. त्यांतील 12 ओळखीची निघाली. याचा अर्थ असा की, वीसांतील तीन पंचमांश कुत्री आमच्या वहीत होती. मग गावातीलही तीन पंचमांश वहीत असावीत. आणि 24 हे तीन पंचमांश, तर एकंदर कुत्री 40. प्रत्यक्ष पाहिली 32. न पाहिलेली आठ केवळ त्रैराशिकाने हाती आली. आम्हांस मोठी धन्यता वाटली.

पण या त्रैराशिकात एक मेख आहे. प्रत्येक कुत्रे सारख्याच सहजतेने दृष्टीस पडते, असे त्यात गृहीत धरलेले असते. वर्गात हजेरी घेण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यास हे गृहीत पटू नये. पहिल्या बाकावरील मुलगा रोज दिसतो. खांबाआडचा वर्ष संपेतो दिसत नाही. देवळाच्या पायरीवरील धीट कुत्री दोन्ही दिवशी भेटतात, ओळखीची संख्या फुगते आणि एकंदर अंदाज मात्र आखडतो.

आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यातील शिर्सुफळ या गावी तिवारी, वनक प्रभृती संशोधकांनी हीच गोष्ट कसोटीस लावली. त्यांचा निबंध 2018 साली प्रसिद्ध झाला. सहा फेऱ्यांत निरनिराळी 263 कुत्री दिसली, आणि त्यापुढील फेऱ्यांत एकही नवे कुत्रे दिसले नाही! साध्या रीतींनी उत्तर 248 ते 270 येई. धीट आणि बुजरे हा भेद जमेस धरणाऱ्या रीतींनी ते 385 ते 437 पर्यंत गेले. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. 263 खरे मानून 184 कुत्र्यांस लस टोचली, तर शेकडा 70 चे काम झाले, असे समाधान होईल. परंतु कुत्री 437 असतील, तर ते शेकडा 42 च भरते. चुकीचा आकडा अशा रीतीने निर्धास्तपणा देतो, आणि तोच घातक ठरतो.

कोणी म्हणेल, एवढी पायपीट कशास? ड्रोन उडवावा. आता गावठाणांची मोजणीही त्यानेच होते. उघड्या माळावर त्याचा उपयोग होईल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वरून पाहणाऱ्यास गाडीखाली पहुडलेले कुत्रे दिसत नाही, आणि उसाच्या फडातले तर नाहीच. रात्री अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा लावला, तरी ती ऊब शेळीच्या करडाची की कुत्र्याची, हे ठरवावे लागतेच.

तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या वाटेने परतताना उसाच्या कडेला एक वृद्ध बाई भाकरीचा तुकडा हाती घेऊन उभ्या दिसल्या. त्यांनी हलकेच साद घातली, तेव्हा पाचटातून एक हडकुळी कुत्री बाहेर आली. मागे तीन पिले. ही आमच्या वहीत नव्हती. "ही कुणाची?" आम्ही विचारले.

"कुणाची न्हाय, दादा. पर भाकर माझीच खाती. गावात जात न्हाय ती, मानसाला भिती."

नृसिंहाने हिरण्यकशिपूस मारले ते घरात नव्हे आणि बाहेरही नव्हे, उंबरठ्यावर. हा जीवही तेथलाच आहे. ना पाळीव, ना रानटी. आम्ही वही उघडली. चाळीसच्या आकड्यात ही धरली गेली होती की नाही, हे आम्हांस सांगता येईना. मात्र लस टोचणाऱ्यांनी गावात आल्यावर आधी या बाईंस विचारावे, एवढे आम्ही तेथेच लिहून ठेवले.