पीओ नावाचं फोल्डर

लावणीचे दिवस होते. डहाणू तालुक्यातल्या रानशेतला बहिणीकडे गेलो होतो. दिवसभर खाचरात वाकून कंबर धरली होती. संध्याकाळी पडवीत जरा टेकलो, तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली भाची तिचा जुना लॅपटॉप घेऊन समोर आली. म्हणाली, "मामा, पुस्तकात 'गिट स्विच' लिहिलंय आणि हा म्हणतो, अशी कमांडच नाही."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. लॅपटॉपवर उबुंटू 18.04 होतं आणि त्यासोबत आलेलं गिट 2.17. स्विच ही कमांड आली 2.23 मध्ये, 2019 च्या ऑगस्टमध्ये. नवं गिट तयार मिळालं असतं, पण मी म्हटलं, आपण सोर्सपासून करू. आत काय आहे ते तिने एकदा बघावं, एवढंच मनात होतं. आमच्याकडे मुलं ही साधनं वापरायला शिकतात, पण ती कुणीतरी माणसाने लिहिलेली आहेत आणि तो मजकूर आपल्याला वाचता येतो, हे त्यांना फारसं कुणी दाखवत नाही.

सोर्सची दाबलेली फाइल सात-आठ एमबीची. अंगणात, रेंज येते त्या कोपऱ्यात मोबाइल धरून ती उतरवली. 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनियो हमानो ते सांभाळत आहेत. इतक्या वर्षांचं, इतक्या लोकांचं काम आमच्या पडवीत उलगडलं. 'मेक' म्हटलं आणि पहिल्याच झटक्याला अडलो: झेडलिबची हेडर फाइल सापडत नाही. भाची म्हणाली, "पण झेडलिब तर आहे मशीनवर." होतं, पण चालवण्यापुरतं. त्याच्यावर काही नवीन बांधायचं तर शेवटी 'डेव' लागलेलं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. तेच पुढे कर्लचं झालं, एक्सपॅटचं झालं. एकेक आणत गेलो.

मग ओळी धावायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'सीसी', पुढे फाइलचं नाव. ॲड, ब्लेम, ब्रँच. रोज हाताखालून जाणाऱ्या कमांड एकेक करून घडत होत्या आणि भाची ती नावं मोठ्याने वाचत होती. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे सगळं एका क्षणात बंद.

तासाभराने वीज आली. "परत पहिल्यापासून?" तिने विचारलं. नाही. लावणी अंधारामुळे जिथे थांबते, तिथूनच सकाळी पुढे सुरू होते, तसंच हे. मेक लिहिलं 1976 मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. तेव्हापासून मेक फाइलींच्या वेळा बघतं आणि जुनं पडलेलं तेवढंच नव्याने करतं. पण ते वेळ बघतं, आत काय आहे ते बघत नाही. वीज जाताना अर्धी लिहिली गेलेली एक फाइल त्याला झालेलीच वाटली आणि शेवटच्या जोडणीत इंग्रजीत संदेश आला: फाइल ट्रंकेटेड.

भाची अडली. मी सांगितलं, अर्धवट राहिलेली. "मग सरळ अर्धवट म्हणायचं ना," ती म्हणाली आणि ती फाइल तिने स्वतः पुसली.

पुढची अडचण आली ती एमएसजीएफएमटी नावाचा प्रोग्रॅम नाही म्हणून. हा गेटटेक्स्टचा भाग. प्रोग्रॅम जे बोलतो, त्याची भाषांतरं तो वापरण्याजोगी करतो. तो नसेल तर ही पायरी वगळताही येते, मी वगळणारच होतो. पण ती विचारत बसली, कसली भाषांतरं? म्हणून पीओ नावाचं फोल्डर उघडलं. प्रत्येक भाषेची एक फाइल. जर्मन, फ्रेंच, स्वीडिश, व्हिएतनामी, बल्गेरियन, कॅटलान. आइसलँडिकचीसुद्धा. तिने यादी दोनदा खालीवर केली. मराठीची फाइल नव्हती.

या मुलीच्या घरात वारली बोलतात, शाळा मराठीत झाली आणि आता पडद्यावर इंग्रजी. चूक नेमकी काय झाली हे कळायला तिला दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या चढण्यातच हुशार मुलं दमतात, हे मी पाहत आलो आहे. लिबरऑफिस मराठीत आहे, फायरफॉक्स आहे. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातातलं साधनच का राहावं?

गिटमध्ये भाषांतराची ही सोय 2012 पासून आहे. इंग्रजी वाक्य वर, खाली रिकामी जागा, अशी पाच हजारांहून जास्त वाक्यं. सगळी एकदम करायची नसतात, मोजक्या मुख्य संदेशांपासून सुरुवात चालते. टर्मिनलवर आपली जोडाक्षरं अजून बऱ्याचदा तुटून दिसतात, ही अडचण खरी आहे. शब्दांचा वादही होईल. माझं मत, कमिट हे कमिटच राहू द्यावं, वाक्य मात्र मराठी हवं. 'फेटल'ला प्राणघातक म्हणू नये. भाचीने तिथे लिहिलं, 'अडलं: ही गिटची रिपॉझिटरी नाही.' मला ते आवडलं.

रात्री साडेदहाला गिट तयार झालं. काही वेगळं सांगितलं नाही तर ते वापरणाऱ्याच्याच घरच्या फोल्डरमध्ये बसतं, तसं बसलं. स्विच चालली. त्यानंतर तिने मराठीची नवी फाइल काढली आणि झोपेपर्यंत एकवीस वाक्यं केली. उरलेल्यांना माणसं हवी आहेत. ज्यांना गिट येतं आणि मराठीही येते, त्यांनी ते फोल्डर एकदा उघडावं आणि जमतील तेवढी वाक्यं करावीत.