फोडशी की फोडणी?

आम्ही तिघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. तिघांचीही चाळिशी उलटली आहे आणि तिघांनाही उशिरा लागलेले एक वेड आहे: पाठीवर तंबू टाकून सह्याद्रीत दोन-चार दिवस मुक्काम करण्याचे. डोंगर, धुके आणि पाऊस यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. आम्हांला लिहायचे आहे ते भाजीविषयी.

पहिला मुक्काम मार्गशीर्षातला. जागा अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याची. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाचा काठ. वाटेत राजूरला वांगी, घेवडा, मुळा आणि मेथीच्या जुड्या घेतल्या. ती टिकवण्यासाठी आमच्यातल्या एकाच्या आजीची युक्ती कामी आली. भाजीची टोपली ओल्या गोणपाटाने झाकायची, सावलीत वारा लागेल अशी झाडाला टांगायची आणि गोणपाट वाळू लागले की पुन्हा पाणी शिंपडायचे. कांदे-बटाटे मात्र कोरडे, आणि तेही वेगवेगळ्या पिशव्यांत.  माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने आमची मेथी तिसऱ्या दिवशीही टवटवीत राहिली. या यशाचे वर्णन आम्ही परतल्यावर स्टाफरूममध्ये जरा जास्तच रंगवून केले, हे कबूल करायला हवे.

दुसरा मुक्काम आषाढातला, त्याच जलाशयाच्या वरच्या अंगाला रतनवाडीत. टोपली तीच, गोणपाट तेच, मेथीही तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट उचलले तर आत काळपट, बुळबुळीत लगदा. कारण उमगायला वेळ लागला नाही, फक्त ते आधी सुचले नव्हते. गोणपाटातले पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेते, म्हणून गारवा येतो. आषाढात घाटमाथ्यावरची हवाच पाण्याने भरलेली. तिच्यात आणखी पाणी मावणार कुठे? गारवा मिळालाच नाही, उरला तो ओलावा, आणि ओलाव्याने पाने कुजली. उलट ती नीट निथळून, कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून ठेवली असती, तर निदान एक दिवस तरी निभावली असती.

ज्या घराच्या पडवीलगत आम्ही तंबू ठोकला होता, तिथल्या मावशींनी तो लगदा पाहिला. काही न बोलता त्या घरामागच्या उतारावर गेल्या आणि थोड्या वेळाने ओटीत गवतासारख्या लांबट पानांची भाजी घेऊन आल्या.

“ही कसली भाजी, मावशी?”

“फोडशी हाये. दुसरं काय?”

ती निवडायची कशी, हे त्यांनीच दाखवले. मुळाकडचा पांढरा भाग आणि मधला जाड दांडा काढायचा, पाने माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुवायची. आम्ही दुसऱ्या दिवसासाठीही थोडी मागितली, पैसे देऊ म्हणालो. मावशींना नवल वाटले. “उद्याला कशाला? पाऊस काय थांबनार हाये का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी भारंगीची कोवळी पाने आणली. ती कडू असतात, म्हणून उकडून पिळून घ्यावी लागतात. तिसऱ्या दिवशी आम्हीच खुडायला निघालो, तेव्हा मात्र त्यांनी अडवले. “वळख हाये का तुम्हाला?” नव्हती. त्याच पावसात, त्याच रानात कळलावीही उगवते, आणि ती पाळापासून बीपर्यंत विषारी असते.

‘ओळख’ हा शब्द त्या रात्री तंबूत आमची पाठ सोडीना. आमच्यातल्या एकाला एक जुनी वही आठवली. प्रथम वर्षाच्या वर्गात ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. डोंगरातून आलेल्या एका मुलाने लिहिले होते, ‘आई फोडशी निवडत बसली होती.’ आमच्या सहकाऱ्याने ‘फोडशी’ खाली लाल रेघ ओढून समासात लिहिले, ‘फोडणी?’ फोडणी कोणी निवडत नाही, एवढा विचारही तेव्हा मनात आला नाही. मुलगा काही बोलला नाही. पुढल्या निबंधात त्याने मेथी लिहिली. उरलेल्या आम्हा दोघांना हसू आले आणि लगेच ओसरले. आमच्या हातूनही असे किती शब्द गेले असतील, याचा हिशेब आमच्याकडे नव्हता.

निघताना मावशींच्या घरात डोकावलो. तिथे साठवण नव्हती असे नाही. कणगीत नाचणी होती, वरई होती. गाडग्यात राखेत घोळलेले वालाचे बी होते. पाने मात्र रोजच्या रोज. काय साठवायचे आणि काय नाही, याचा विवेक त्या घराला होता. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ती बातमी आम्ही वर्गात अभिमानाने वाचून दाखवली होती. आपणही काही जतन करण्याच्या जागी बसलो आहोत, हे तेव्हा ध्यानी आले नाही.

त्या मुलाचा पत्ता आमच्याकडे नाही आणि ती वही केव्हाच रद्दीत गेली असेल. आता वह्या तपासताना अनोळखी शब्द आला की आम्ही समासात प्रश्नचिन्ह न काढता लिहिणाऱ्याला बोलावून विचारतो. आणि आषाढात मुक्कामाला जाताना तांदूळ, मीठ, तेल आणि कांदे तेवढे सोबत नेतो.