हातचे अडीचशे डॉलर

बॉथेलचा हिवाळा बर्फाचा नाही, पावसाचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आभाळ नुसतं गळत असतं. पण हेच ढग पूर्वेच्या कॅस्केड पर्वतावर चढले की त्यांचा बर्फ होतो. उत्तरेला माउंट बेकरच्या स्की केंद्रावर १९९८-९९च्या हंगामात १,१४० इंच बर्फ पडला. म्हणजे जवळजवळ २९ मीटर, आपल्याकडची नऊ-दहा मजली इमारत! एका हंगामात मोजलेल्या बर्फाचा तो जागतिक विक्रम. इतकी दौलत दाराशी असताना आपली बरीच मंडळी वर्षातून एकदा लेव्हनवर्थला जाऊन दिवे बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. का, तर स्की हा पैसेवाल्यांचा खेळ.

ते खोटं नाही. मी पोस्टडॉक आहे. करार वर्षावर्षाचा, भाडं सिॲटल परिसराचं. आमच्या घरात कुठलाही मोठा खर्च ‘भारताची किती तिकिटं’ या मापात मोजला जातो. माझा करार जूनमध्ये संपतोय. पुढचा हिवाळा कुठे, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून या फेब्रुवारीत मी, नवरा आणि माझी लॅबमधली मैत्रीण असे तिघं पाच दिवस व्हॅन घेऊन निघणार आहोत. तिघांचे मिळून १,२०० डॉलर, म्हणजे साधारण एक तिकीट. हा हिशेब तुमच्यापुढे मांडते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वाट अशी. बॉथेलहून ५२२ने मनरो, तिथून यूएस २ने ४,०६१ फुटांवरची स्टीव्हन्सची खिंड, पलीकडे लेव्हनवर्थ आणि वेनाची. वेनाचीच्या डोक्यावर मिशन रिज. मग कोलंबिया नदीच्या काठाने उत्तरेला मेथाव खोरं, ट्विस्प आणि विन्थ्रॉप. नकाशात तिथून पश्चिमेला घरी येणारा २० नंबरचा सुंदर रस्ता दिसेल, पण तो हिवाळ्यात बंद असतो. तेव्हा परत वेनाचीला येऊन ब्लुएटची खिंड आणि आय-९०वरून स्नोक्वाल्मी.

पैसे वाचतात ते मुख्यतः वारामुळे. शनिवार-रविवार टाळा, जानेवारीतली मार्टिन ल्यूथर किंग दिनाची आणि फेब्रुवारीतली प्रेसिडेंट्स डेची सुट्टी तर टाळाच. पोस्टडॉककडे पैसा नसला तरी मंगळवार असतो, तो वापरायचा. तिकीट खिडकीवर घेऊ नका, आधी ऑनलाइन घ्या. स्की आणि बूट रोज भाड्याने घेण्यापेक्षा हंगामभरासाठी घेतलेले स्वस्त पडतात. हिवाळ्याआधी जुन्या सामानाचे बाजार भरतात, तिथे जाकीट, पँट, गॉगल मिळतात. हेल्मेट मात्र नवं घ्या. जुन्याने आधी काय सोसलंय ते वरून दिसत नाही. मोठ्या नावांमागेही धावू नका. ट्विस्पजवळचं लूप लूप हे छोटं केंद्र आम्हा शिकाऊंना पुरेसं आहे. ते आठवड्यातले काहीच दिवस उघडं असतं, तेवढं पाहून जा. आणि मेथावमध्ये सपाटीवरचं क्रॉस-कंट्री स्कीइंग आहे, सुमारे २०० किलोमीटर आखलेल्या वाटांचं. लिफ्ट नाही, म्हणून पासही कितीतरी स्वस्त. दम मात्र स्वतःचा लागतो.

व्हॅन म्हणजे डोळ्यांसमोर आणाल तशी देखणी नाही. मागच्या सीटा काढलेली जुनी मिनीव्हॅन, प्लायवूडची फळी आणि तीन जाड स्लीपिंग बॅगा. टायर हिवाळ्याचे. सोबत चेन, आणि ती घरासमोर कोरड्यात दोनदा चढवून पाहिलेली. चारी चाकं फिरणारी गाडी असली तरी वॉशिंग्टनमध्ये खिंडीत चेनची सूचना लागली की चेन जवळ असावीच लागते. मुक्काम जिथे रात्री थांबायची स्पष्ट परवानगी आहे तिथेच. एक गोष्ट फार महत्त्वाची: बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. मागचा पाइप बर्फाने बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो ओळखणारा छोटा अलार्म उशाशी हवाच.

जेवण बाहेर, उघड्यावर. खिंडीच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. म्हणून छोटा कुकर. खिचडी, पिठलं, मेतकूट-भात, आणि घरून केलेल्या गुळपोळ्या. स्की केंद्रावरच्या एका बर्गरच्या पैशात आमचं रात्रीचं जेवण होतं.

आता हिशेबातली खरी ओळ. १,२०० पैकी २५० डॉलर आम्ही कशालाच लावलेले नाहीत. ते हातचे. रस्ता बंद झाला तर मोटेलच्या रात्रीसाठी, किंवा तिकीट वाया घालवून घरी राहण्यासाठी.

स्वस्त सहलीतला धोका थंडीचा कमी आणि हिशेबाचा जास्त असतो. तिकिटाचे पैसे भरलेत, रजा आजचीच आहे, मोटेल परवडत नाही, म्हणून माणूस निघायला नको तेव्हा निघतो. जानेवारी २०२२मध्ये स्टीव्हन्स, स्नोक्वाल्मी, ब्लुएट आणि व्हाइट पास या चारही खिंडी एकाच वेळी बंद झाल्या होत्या. पर्वतापलीकडे असलेल्यांना थांबण्यावाचून इलाज नव्हता. स्टीव्हन्सच्या पश्चिम उतारावर वेलिंग्टन नावाचं रेल्वेठाणं होतं. फेब्रुवारी १९१०च्या अखेरीस तिथे दोन गाड्या बर्फामुळे अडकून पडल्या. १ मार्चला मध्यरात्रीनंतर डोंगराचा बर्फ सुटला आणि गाड्या दरीत गेल्या. ९६ माणसं दगावली. त्यांच्या हातात काही नव्हतं. आपल्या हातात हवामानाचा अंदाज आहे, राज्याच्या परिवहन खात्याचे रस्त्यावरचे कॅमेरे आहेत, नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचं रोजचं पत्रक आहे. ते वाचून थांबणं परवडलं पाहिजे, एवढंच.

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच आंबेनळी घाटात. फोनवर बेत सांगितला तेव्हा त्यांनी स्कीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. “उतरताना गाडी गिअरवर ठेवा, ब्रेकवर नाही,” म्हणाले. मग जरा थांबून, “आणि दरड पडलेली दिसली तर गाडी फिरवायची. प्रवासी शिव्या देतात, त्या खाता येतात.”

परदेशात आपण सगळेच काटकसरीत तरबेज होतो. शेवटचा डॉलरही कामाला लावतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. पण हातचा न धरता केलेली बेरीज चुकते, हे आपण दुसरीत शिकलोय. तुम्ही असा बेत आखणार असाल तर तिकिटं, पेट्रोल, भाडं यांच्या आधी ती ओळ लिहा. रक्कम तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा, आणि एकदा लिहिली की तिला दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. बर्फ पुढच्या मंगळवारीही असेल.