पहिल्याच दिवशी गळ्यात पडणारी मुलं

तिकोणा पेठ, ता. मावळ, जि. पुणे
आषाढातला सोमवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

नोकरीवर रुजू व्हायच्या आधी चार आठवडे नेपाळला जायचं, काठमांडूजवळच्या एका अनाथालयात राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, असा तुझा बेत ठरल्याचं दादाने फोनवर सांगितलं. पाठवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रकही धाडलं. वर म्हणाला, 'पोरगी चांगल्या कामाला निघालीय, चार शब्द कौतुकाचे लिही.' कौतुक आहेच. पण तुझ्या आत्याने एकतीस वर्षं शाळेच्या वह्या तपासल्या; नुसती बरोबरची खूण करून वही परत देणं तिच्या हाताला जमत नाही. म्हणून पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

इकडे लावणी जोरात आहे. तिकोणा तीन दिवस ढगातून बाहेर आलेला नाही. शनिवार-रविवार मात्र गडाच्या पायथ्याशी आणि पवनेच्या काठाला गाड्यांची रांग. गेल्या रविवारी अशीच एक गाडी शाळेच्या वळणावर थांबली. उतरलेली मंडळी भली होती. त्यांनी पोरांना चॉकलेटं वाटली, कडेवर घेतलं, फोटो काढले आणि गेली. आता चढावर गाडीचा गिअर बदलल्याचा आवाज आला की पोरं चिखल तुडवत रस्त्यावर येतात. या पोरांना संध्याकाळी कान धरून घरात ओढणारी आई आहे, आजी आहे, त्यामुळे आत्या फार काळजी करत नाही. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा फोटो मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

फोटोत एक तरुण मुलगी जमिनीवर बसलीय आणि चार-पाच वर्षांची चार मुलं तिच्या गळ्यात, पाठीवर, मांडीवर. खाली ओळ अशी, की हे सगळं प्रेम पहिल्याच दिवशी मिळालं. छकुले, तू चार वर्षांची असताना पहिल्यांदा पेठेत आलीस, तेव्हा दोन दिवस वहिनीच्या पदराआडून बाहेर आली नव्हतीस. आत्याने पुढे केलेला लाडूसुद्धा आईच्या हातून घेतलास. मूल असंच वागतं. अनोळखी माणसाला आधी जोखतं, वळून आपल्या माणसाकडे बघतं, मग हळूच पुढे येतं. ज्याला वळून बघायला कुणी नसतं, ते सरळ येऊन गळ्यात पडतं.

हे आत्याचं शाळामास्तरी ज्ञान नव्हे. 1989 च्या डिसेंबरात रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी संस्थांमध्ये लाखावर मुलं सापडली. आत गेलेल्या लोकांना मुलं चटकन बिलगत, हात सोडत नसत. पुढे 2000 साली नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधली 136 मुलं घेतली. निम्मी पालक-कुटुंबांत दिली, निम्मी होती तशी संस्थेच्या व्यवस्थेत राहिली, आणि वर्षानुवर्षं दोन्हींचा पाठपुरावा केला. घरात गेलेली मुलं, त्यातही दोन वर्षांची होण्याआधी गेलेली, बुद्धीने आणि नात्यागोत्याने पुष्कळ सावरली. कुणाही परक्याला बिलगण्याची खोड मानसशास्त्राच्या पुस्तकांत आजारांच्या यादीत आहे. त्या कंपनीने ती पहिल्या पानावर छापलीय.

आता हिशेब कर, तू इंजिनिअर आहेस. चार आठवड्यांची एक तुकडी धरली तर वर्षाला तेरा तुकड्या. चौथ्या वर्षी आलेलं मूल दहा वर्षांचं होईपर्यंत अठ्ठ्याहत्तर तुकड्यांतल्या ताया-दादा त्याला जीव लावून विमानतळावर निघून जातील. प्रत्येक ताई एबीसीडीपासूनच सुरू करणार, कारण आधीची कुठवर आली होती हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी 2010 साली आफ्रिकेतल्या अशा 'अनाथ पर्यटना'वर लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवलं: ज्या मुलांनी आधीच माणसं गमावलीत, त्यांना पुन्हा पुन्हा माणसं गमवायला लावायची.

तू म्हणशील, पण आत्या, त्यांना कुणीच नाही ना? इथेच खरी गोम आहे. आणि ती नेमकी नेपाळातच उघडी पडली.

1996 ते 2006 नेपाळात माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं. पश्चिमेकडचा हुमला जिल्हा म्हणजे रस्ता नसलेला डोंगराळ मुलूख. तिथल्या आईबापांना भीती, की माओवादी पोरं उचलून नेतील. दलाल यायचे आणि म्हणायचे, पैसे द्या, काठमांडूला नेतो, शाळेत घालतो. लोकांनी होतं नव्हतं ते विकून पोरं हवाली केली. शहरात पोचल्यावर ती कागदोपत्री अनाथ झाली. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण 2004 च्या अखेरीस काठमांडूजवळच्या गोदावरीतल्या 'लिटल प्रिन्सेस' या बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला. तुझ्यासारखाच, थोडे दिवस, जगप्रवासाच्या सुरुवातीला. तिथली मुलं अनाथ आहेत असंच त्याला सांगितलेलं. एक दिवस एक बाई दारात उभी राहिली. ती तिथल्या दोन भावांची आई होती. पुढे ग्रेननने 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था काढली आणि मुलांचे फोटो घेऊन हुमलाचे डोंगर पायी तुडवत एकेकाचे आईबाप शोधले. सापडले, हो. त्याने यावर पुस्तकही लिहिलंय, विमानात वाचायला घे.

कंबोडियाचा आकडा आणखी बोलका आहे. 2005 ते 2010 या पाच वर्षांत तिथली अनाथालयं 75 टक्क्यांनी वाढली.  त्याच काळात पर्यटकही वाढले. युनिसेफने 2011 मध्ये दाखवून दिलं की तिथल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांची आई किंवा वडील जिवंत आहेत. पर्यटकाला मुलं दिसायला हवीत, म्हणजे मुलं हवीत. मग खेड्यातून आणा. काही ठिकाणी मुलं मुद्दाम मळकी ठेवायची, नाचवायची, देणगीपेटी दाराशी. सगळी अनाथालयं अशी नसतात हे आत्यालाही कळतं. पण चार आठवड्यांत, भाषा न येता, कुठलं कसं हे तुला कळणार नाही, एवढंही तिला कळतं.

2015 च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने आईबापांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली ती अशीच मुलं पळवली जाण्याच्या भीतीने. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने अनाथालयांसाठी होणारी मुलांची ने-आण आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नात धरली. 2019 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथालयातल्या पर्यटनाचा उल्लेख आला. तुझ्या कंपनीच्या पत्रकात यातलं एक अक्षर नाही. पोहण्याचा तलाव जवळ आहे, हे आहे.

मग परदेशातून आलेल्या माणसाने मुलांसाठी काही करूच नये का? आपल्याच जिल्ह्यात याचं उलट उदाहरण आहे. पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळाने पोरक्या केलेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या घरात माणसं होती. एवढ्यांना सांभाळायला परदेशी बायका आल्या. त्यातली मिनी अब्राम्स ही अमेरिकन. 1887 साली मुंबईला आली, अकरा वर्षं तिथे काढली, मग 1898 मध्ये केडगावला रमाबाईंच्या हाताखाली रुजू झाली. 1912 साली वारली ती हिंदुस्थानातच. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यावरून तेव्हाही वादळं झाली आणि आत्याही त्या बाबतीत तिच्या बाजूची नाही. पण ती दर महिन्याला बदलणारी ताई नव्हती, आणि कारभार रमाबाईंच्या हाती होता. मुली दळायला, विणायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या त्या रोज दिसणाऱ्या माणसांकडून.

लांब कशाला, लोहगडाच्या पलीकडे भाज्याला जा. लेण्यांच्या पायथ्याशी अमितकुमार बॅनर्जींनी 1990 मध्ये 'संपर्क' हे मुलांचं घर सुरू केलं. मावळात आलेला हा माणूस इथलाच झाला. लोणावळ्याला अंतरभारती बालग्राम आहे. अशा घरांत मुलाला रोज सकाळी तेच तोंड दिसतं, यातच त्याचं अर्धं पोषण होतं.

आपल्याकडेही सगळं सोवळं आहे असं समजू नकोस. 'यंदा वाढदिवस आश्रमात करू' ही पुण्या-पिंपरीची रीत बघ. केक, टोप्या, समूहफोटो. ज्याचा वाढदिवस कधी हे कुणालाच ठाऊक नाही, त्या पोराने दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या. पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात जिलबी नको होईपर्यंत येते आणि नोव्हेंबरात गरम पाण्याच्या बंबाला पैसे नसतात. फोटोंबद्दल तर कायदाच आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला बंदी आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसवाल्या किती जणांना हे माहीत असेल?

तुझ्या आत्याला याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगायचीय. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. वडील गेले, आई एकटी, किंवा दोघंही गेले आणि पोर मामाकडे, अशा घरांना सरकार दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये देतं, मूल घरातच राहावं म्हणून. पेठेतल्या एका आजीची फाईल आत्याने स्वतः फिरवली. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं खातं, वडगावच्या तीन फेऱ्या. पाच महिने लागले. त्यात कुणी गळ्यात पडलं नाही, उलट आजी दर फेरीला भांडली. पण नातू आज तिच्याच चुलीपाशी जेवतो. तुझ्या कंपनीची चार आठवड्यांची फी दादाने सांगितली, तेवढ्या पैशात या नातवाची साडेतीन वर्षं भागतात.

आणि अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलं? गोंडस वय संपलं की त्यांच्याकडे येणारे पाहुणेही संपतात. संस्थेतून बाहेर पडलेल्या पोराला खोली भाड्याने घ्यायला ओळखीचा माणूस लागतो, अर्जावर जातीच्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नाही. गोव्यातल्या मातृछायेत वाढलेली अमृता करवंदे याच रकान्यावर अडली, थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि 2018 च्या जानेवारीत महाराष्ट्राने अनाथांना 1 टक्का आरक्षण दिलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते काढताना बसून अर्ज भरून देणारा, संगणकावर कागद चढवणारा, मुलाखतीची तयारी करून घेणारा माणूस हवा असतो. तो तू आहेस. नोकरी लागल्यावरही, महिन्यातून दोन रविवार, वर्षभर.

तर निकाल असा: नेपाळला जरूर जा, अनाथालयात जाऊ नकोस. डोंगर चढ, तिथल्या घरगुती खाणावळीत जेव, पैसे तिथे खर्च कर. कंपनीला मात्र तीन प्रश्न लिहून पाठव. या मुलांपैकी कितीजणांचे आईबाप हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? आणि माझ्या चारित्र्याची पडताळणी तुम्ही कशी केलीत? तिसऱ्याचं उत्तर तुलाच ठाऊक आहे. त्यांनी तुझं पारपत्र आणि पैसे सोडून काही मागितलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळची लोणावळा लोकल पकड आणि मळवलीला उतर, कामशेतला नको. आत्या स्टेशनवर छत्री घेऊन उभी असेल. भाज्याला जाऊन विचारू, काय काम आहे ते. दोन जोडी कपडे जास्तीचे आण, इंद्रायणी भाताची लावणी अजून आठवडाभर चालेल आणि वाफ्यात उतरल्याशिवाय तुला कुणी सोडणार नाही. दादाला सांग, पत्र वाचून रागावला तर फोन करू नकोस, तूही ये.

तुझी,
आत्या