नानांच्या कवळीला चालेल असा ब्रेड

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादच्या वसुंधरा भागात आम्ही राहतो. इथल्या दुकानांत मिळणाऱ्या 'आटा ब्रेड'च्या पाकिटांवर गव्हाच्या टपोऱ्या ओंब्या छापलेल्या असतात. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली की बऱ्याचदा पहिला शब्द निघतो मैदा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे ज्याचा भरणा जास्त त्याचं नाव आधी. मग कणीक, साखर, ग्लुटेन आणि शेवटाकडे कुठेतरी कॅरॅमलचा रंग. तपकिरी दिसायची सोय तेवढी झालेली असते.

पाकिटं उलटी करायची सवय लागली ती नानांमुळे. नाना म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर सोलापूर सोडून आमच्याकडे राहायला आले. येताना रक्तातली साखर, वरखाली दोन्ही कवळ्या आणि सकाळच्या चहात ब्रेड बुडवून खायची चाळीस-पन्नास वर्षांची सवय घेऊन आले. डॉक्टरांनी मैदा कमी करा म्हटलं. चपाती चहात बुडवून खाणं त्यांना मान्य नाही. खारी मैद्याची, टोस्ट मैद्याचे. राहिला ब्रेड, तो सबंध कणकेचा हवा, आणि कवळीखाली दाणा टोचू नये इतका मऊही हवा. या दोन अटींचं आपसात पटत नाही, हे मला घरी करायला घेतल्यावर समजलं. टाळेबंदीत अख्खी सोसायटी ब्रेड भाजत होती आणि यीस्टच्या पुड्यांसाठी एकमेकींना फोन करत होती, तेव्हा मी त्यात नव्हते. त्यामुळे आता शेजारणी मला उशिरा दीक्षा घेतलेली म्हणून हसतात.

नानांचं मऊपणाचं माप मॉडर्न ब्रेडचं. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज नावाची कंपनी काढली आणि सँडविचचा चौकोनी ब्रेड गावोगावच्या मध्यमवर्गापर्यंत गेला. २००० साली ती हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली, त्यावर तेव्हा बरीच चर्चाही झाली होती. नानांच्या मते ब्रेड तोच. बोटाने दाबला की परत वर येणारा. "तसा होईल का गं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. तसा होणार नव्हता, पण मी "बघू" म्हटलं.

तसा का होत नाही याचं उत्तर दिल्लीतच एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आलं होतं. मे २०१६ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या इथल्या संस्थेने दिल्लीच्या बाजारातले ब्रेड, पाव, बन, पिझ्झा, बर्गर असे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. ब्रोमेट घालत होते ते पिठातल्या ग्लुटेनला बळ देण्यासाठी, म्हणजे ब्रेड उंच फुगतो आणि एकसारखा जाळीदार होतो. इंग्लंडमधल्या चोर्लीवूडला १९६१ मध्ये शोधलेल्या पद्धतीत पीठ यंत्रात काही मिनिटं अतिशय जोरात मळतात आणि तासन्‌तास आंबवण्याचा वेळ वाचवतात. मोठ्या कारखान्यांची धाव याच दिशेला आहे. कारखान्याला वेळ परवडत नाही. मला परवडतो, कारण मी घरून भाषांतराचं काम करते आणि ओट्यावरचं पीठ माझ्याकडे पगार मागत नाही.

इंटरनेटवरच्या कृती बहुतेक अमेरिकेतल्या, तिथल्या कडक गव्हाच्या आणि तिथल्या गिरणीच्या पिठाच्या. त्या मापाने पाणी घातलं तर आपली कणीक धड भिजत नाही. आपण कणीक दळून आणतो चक्कीवर. तिथल्या दगडांच्या दाबाखाली आणि उष्णतेत गव्हातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. चपाती मऊ राहते ती त्यामुळेच. मैदा निघतो रोलर मिलमधून, तिथे ही मोडतोड कमी. त्यात कणकेत कोंडा असतो. तोही पाणी ओढतो, पण सावकाश, आणि कोरडा राहिला तर त्याच्या धारदार कडा ग्लुटेनचे पापुद्रे फाडतात. म्हणजे जो वायू ब्रेडला फुगवणार तोच भोकांतून निसटून जातो. कणकेचा ब्रेड घट्ट, भुसभुशीत आणि दुसऱ्या दिवशी कोरडा होतो त्याचं मुख्य कारण हे, कणीक हलकी असते म्हणून नव्हे.

आमच्या चक्कीवाल्याचं मत वेगळं. "भाभीजी, ब्रेड के लिए आधा मैदा मिला लो, सब मिलाते हैं." शेजारणींचंही तेच. मैदा मिसळला की ब्रेड उत्तम होतो यात वाद नाही, पण मग ते पाकीटच काय वाईट होतं?

गव्हाचा दोष किती, हा प्रश्न मात्र खरा आहे. दिल्लीहून अंबाल्याच्या रस्त्याला सव्वाशे किलोमीटरवर कर्नाल लागतं. तिथल्या भारतीय गहू व जव संशोधन संस्थेत गव्हाच्या वाणांची चपातीसाठी वेगळी परीक्षा होते आणि ब्रेडसाठी वेगळी. चपातीला गुण देतात, ब्रेडने फुगून किती जागा व्यापली ते मोजतात. चपातीत पहिला येणारा वाण ब्रेडमध्ये पहिला येईलच असं नाही. जुना सी-३०६ गहू चपातीसाठी आजही नावाजतात, त्याचा ब्रेड करायला कुणी सांगत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गहू निवडला गेला तो लाटायला सोपा, तव्यावर फुगणारा, गोडसर चवीचा. ब्रेडला लागतो तो ताण त्याच्याकडून मागणं थोडं अन्यायाचंच. मी मध्य प्रदेशातला शरबती आणते, कारण तो इथे सहज मिळतो, आणि चक्कीवाल्याला एकदम बारीक दळायला सांगते. माहेरी नगरला लोकवन असायचा. त्याचा ब्रेड कसा होईल ते एकदा करून बघायचं आहे.

आता कृती. ती सांगताना माझ्यातली नगरची काकू जागी होते, तेव्हा थोडं लांबेल.

चारशे ग्रॅम कणीक बारीक चाळणीने चाळायची. वर राहिलेला कोंडा फेकायचा नाही, त्याचंच खरं काम आहे. कोंड्यात थोडी कणीक घालून दोन्ही मिळून चाळीस ग्रॅम करायचं, त्यात दोनशे मिलिलिटर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दोन-तीन मिनिटांत ते दाट, चकचकीत होतं. मोदकाची उकड काढतो तसंच हे, फक्त सैल. जपान आणि चीनमध्ये मऊ ब्रेडसाठी अशी उकड सर्रास वापरतात. साधारण ६५ अंशांना स्टार्च पाणी धरून फुगतो आणि भाजल्यावरही ते पाणी सहजी सोडत नाही. कोंडाही शिजून नरम पडतो, त्याच्या कडा बोथट होतात. नानांच्या कवळीचा निम्मा प्रश्न इथेच सुटला.

उकड कोमट झाली की उरलेली कणीक, वीस ग्रॅम किसलेला गूळ विरघळवलेलं सव्वाशे मिलिलिटर दूध आणि पाच ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालून नुसतं कालवायचं आणि झाकून अर्धा तास विसरून जायचं. फ्रान्समध्ये रेमाँ काल्व्हेल या बेकरीच्या प्राध्यापकाने १९७४ मध्ये पीठ आणि पाणी आधी मुरवत ठेवण्याला ऑटोलिझ हे नाव दिलं. ते यीस्ट नंतर घालायचे. मी आधीच घालते, दिल्लीच्या थंडीत त्याने काही बिघडत नाही. आई चपातीची कणीक भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि तेवढ्यात भाजी फोडणीला टाकायची, तेव्हा तिला कुणी प्राध्यापक म्हटलं नाही.

मग आठ ग्रॅम मीठ, पंचवीस ग्रॅम तेल आणि तिंबणं. इथे मनगटाला सुटका नाही. पीठ हाताला चिकटतं, परातीला चिकटतं, आणि कोरडी कणीक भुरभुरवायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण प्रत्येक मूठभर कोरड्या कणकेने ब्रेडचा मऊपणा कमी होतो. हाताला तेल लावायचं, पीठ ओढायचं, दुमडायचं, ओट्यावर आपटायचं. पंधरा मिनिटांनी ते अचानक शहाण्यासारखं वागायला लागतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदी बिहारच्या, लिट्टीचं पीठ घट्ट मळणाऱ्या. माझं हे लिबलिबीत प्रकरण बघून त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "दीदी, पानी ज़्यादा हो गया." पाणी जास्त नव्हतं, ते मुद्दाम होतं, पण मी वाद घातला नाही. खाऊन बघितल्यावर त्यांनी मुलांसाठी चार तुकडे बांधून नेले.

मैद्याचं पीठ ताणलं की पारदर्शक पडदा होतो, व्हिडिओंमध्ये सगळे तो कॅमेऱ्याला दाखवतात. कणकेचा तसा होत नाही. कोंड्याच्या ठिपक्यापाशी तो फाटतोच. त्यासाठी आणखी तासभर मळत बसू नये.

फुगवण्याच्या बाबतीत कृतीतलं घड्याळ दिल्लीत निकामी. जानेवारीत आमचं स्वयंपाकघर बारा-तेरा अंशांवर असतं. तेव्हा पातेलं ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. नाहीतर रजईत गुंडाळते. एकदा नाना दुपारी त्याच रजईत शिरायला निघाले होते. दोन तास लागतात. मार्चअखेर हेच काम पाऊण तासात होतं. आणि दुप्पट होईपर्यंत थांबा हा सगळीकडचा सल्ला कणकेला लावायचा नाही. पावणेदोन पट झाली की पुरे. फुटलेल्या स्टार्चमधून यीस्टला साखर भराभर मिळते, पीठ उत्साहाने वर येतं आणि कोंड्याने जायबंदी केलेली ग्लुटेनची जाळी ते वजन पेलू शकत नाही. ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध बसतं. साच्यात दुसऱ्यांदा फुगवतानाही काठाच्या जेमतेम वर आलं की आत ढकलायचं, १८० अंशांवर, पस्तीस ते चाळीस मिनिटं. ब्रेडच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर ९३ ते ९५ अंश दिसायला हवेत.

बाहेर काढल्यावर वरून दूध लावून सुती फडक्यात गुंडाळते. कोंडलेल्या वाफेने वरचं कवच नरम पडतं. मग निदान दोन तास कापायचं नाही, गरम कापला तर आत गिचका लागतो. हे दोन तास आमच्या घरात सर्वांत कठीण. सगळ्या मजल्याला वास सुटलेला असतो आणि नाना दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात. "निवला का?" "नाही नाना." "कोपरा तरी दे."

उकडीची खात्री मला कुठल्या पुस्तकाआधी एका बेकरीवाल्याने दिली. दिल्लीकडे थंडीत घरची कणीक, तूप, साखर जवळच्या बेकरीत देऊन बिस्किटं भाजून आणायची पद्धत आहे. लोक डबे भरभरून नेतात. आपल्याकडे दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे बेकरीत जात, तसंच. मी बिस्किटांसाठी थांबले होते, सहज ब्रेडचं विचारलं. तो हात न थांबवता म्हणाला, "आटा प्यासा रहेगा तो ब्रेड सूखेगा ही."

मधूनच असंही वाटतं की इतका अट्टहास मऊपणासाठी का? गोव्यात कोंडा घातलेली पोई खातातच की. पूर्वी ती माडाच्या सुरेवर फुगवायचे. आत पोकळ, चिवट, चावायला लागणारी. तिच्याकडून कापसासारखं वागण्याची अपेक्षा कुणी करत नाही. मऊ म्हणजेच चांगला ब्रेड ही आवड आपल्याला मैद्याने लावली, असं माझं मत आहे. पण ते कवळीला सांगून काय उपयोग?

नानांनी निकाल दिला तो त्यांच्या पद्धतीने. मॉडर्नसारखा नाही, म्हणाले. पण चहात बुडवला तर तुटून तळाशी जात नाही, चमच्याने काढावा लागत नाही. हा गुण पाकिटातल्या ब्रेडकडे कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशीही मऊ असतो, तिसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तुपात शेकावा लागतो. फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथे स्टार्च लवकर घट्ट होतो आणि ब्रेड बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. उरलाच तर कापून फ्रीजरमध्ये. रक्तातल्या साखरेमुळे तो त्यांनी जपूनच खावा, कणकेचा झाला तरी ब्रेड तो ब्रेडच. दोन तुकडे, जास्त नाहीत. यावर रोज वाटाघाटी होतात.

मे महिन्यात हे सगळं उलटं फिरतं. बाहेर ४४ अंश, नळाचं पाणीच अंघोळीला चटका देणारं. मळता मळताच पीठ फुगायला लागतं. तेव्हा दूध फ्रिजमधलं, उकडही गार करून, यीस्ट दोन ग्रॅम, आणि मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये. सावकाश आंबल्याने चव उलट जास्त चांगली येते. पहाटे उठून साच्यात घालायचं आणि ऊन चढायच्या आत ओव्हन बंद करायचा. संध्याकाळी ओव्हन लावायची हिंमत नाही. एसी आणि तो एकदम लावले की आमच्या मजल्याचा फ्यूज जातो, आणि मग सगळा मजला माझ्या दारात. गेल्या उन्हाळ्यापासून नानांनी नवीन टूम काढली आहे. ब्रेड जमतोय, तर आता मिसळीबरोबर खायला लादीपाव का जमू नये, असं त्यांचं म्हणणं आहे. कणकेचाच. मऊ.