किरायेदाराचा मुलगा

रायपूरच्या मराठीत 'भाडे' हा शब्द फारसा कानी पडत नाही. आम्ही 'किराया' म्हणतो आणि तो देणाऱ्यास 'किरायेदार'. माझा जन्म तात्यापाऱ्यातल्या एका माडीवर, किरायेदाराच्याच घरी झाला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर अठराव्या शतकात छत्तीसगडात मराठी कुटुंबे आली आणि १८५४ साली ते राज्य बुडाले तरी येथेच राहिली. आमचे बिऱ्हाड इतके जुने नव्हे. बाबा १९६२ साली सरकारी कारकून म्हणून या गावी आले आणि दोन खोल्या पस्तीस रुपये महिन्याने घेऊन राहिले. खाली मागच्या खोलीत घरमालकीण राहत असे. ती विधवा बाई आम्हां सर्वांची काकू होती.

पन्नाशी उलटल्यावर मी स्वतः घरमालक झालो. टाटीबंधला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ साली सुरू झाली आणि त्या बाजूला इमारती झपाट्याने उठू लागल्या. मित्र म्हणाले, डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी यांचा राबता राहणार. घर एक दिवस रिकामे राहायचे नाही. २०१४ साली नोंदणीच्या खर्चासह एकोणीस लाख रुपये मोजून मी तेथे एक सदनिका घेतली. आयुष्यभराची शिल्लक त्यात गेली.

नवशिक्याची पहिली चूक हिशेबाची असते, तशी माझीही झाली. साडेसात हजार किराया म्हणजे वर्षाचे नव्वद हजार, एवढेच गणित मी केले होते. वर्ष सरल्यावर वही उघडली. इमारतीच्या देखभालीचे बारा हजार, नगर निगमचा कर साडेतीन हजार, दोन किरायेदारांच्या मध्ये घर रिकामे राहिले त्या महिन्याचे साडेसात हजार, नळ, रंग आणि गच्चीतून झिरपणारे पाणी यांचे सहा हजार. उरले एकसष्ट हजार, म्हणजे गुंतवणुकीवर सव्वातीन टक्क्यांहूनही किंचित कमी. त्या सुमारास बँका मुदतठेवीवर साडेआठ-नऊ टक्के देत होत्या. प्राप्तिकरात दुरुस्तीपोटी तीस टक्क्यांची सरसकट वजावट मिळते, हे समाधान खरे. पण घर घेणाऱ्याचे डोळे किरायावर नसून वाढत्या किमतीवर असतात, हे मला फार उशिरा उमगले. किराया म्हणजे त्या प्रतीक्षेतली शिदोरी.

करारनामा अकरा महिन्यांचाच का करतात, हेही तेव्हाच कळले. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. तो खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी वर्षाला एक महिना कमी पडू द्यायचा! आपल्या लोकांच्या व्यवहारचातुर्याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

पण त्या करारनाम्यावर 'मालक' या शब्दापुढे सही करताना हात अडखळला, तो काकूमुळे.

१९७९ साली काकूची मुलगी नवरा वारल्यामुळे दोन लेकरांसह माहेरी परतली. काकू जिना चढून वर आली आणि बाबांना म्हणाली, "भाऊजी, माडी मोकळी करून द्याल का? खाली चौघांची दाटी होते." बाबांनी विचार करून सांगतो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. बाहेर त्याच दोन खोल्यांना पाच-सहापट किराया पडत होता आणि बाबांच्या पगारात तो बसत नव्हता. मध्य प्रदेशाचा १९६१ चा कायदा किरायेदाराच्या बाजूने भक्कम होता. मालकाला स्वतःसाठी घर हवे असेल तर गरज खरी असल्याचे आणि गावात दुसरी सोयीची जागा नसल्याचे त्याने सिद्ध करावे लागे. मागची खोली पुरेशी आहे, असे आमच्या वकिलाने लिहून दिले.

काकूने किराया घेणे बंद केले. मग दर महिन्यास पस्तीस रुपयांची मनीऑर्डर जाऊ लागली आणि 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत येऊ लागली. पुढे पैसे न्यायालयात भरू लागलो. मनीऑर्डरचे अर्ज मी लिहीत असे; माझे अक्षर चांगले होते. ज्या बाईने मला कडेवर घेऊन बूढातालाबावर फिरवले, तिचे नाव मी पंधराव्या वर्षी दर महिन्याला 'पाणारी' म्हणून लिहीत होतो आणि जिन्याखालून जाताना मान खाली घालत होतो. १९८७ साली काकू गेली. मुलीने दावा पुढे चालवला नाही. १९९४ साली बाबा वारले तेव्हाही आम्ही पस्तीस रुपयेच देत होतो.

बाबांना मी दोष देत नाही. त्या कायद्याने त्यांच्यासारख्या कितीतरी कारकुनांच्या डोक्यावर छप्पर ठेवले. मात्र ते छप्पर दुरुस्त करण्याइतकेही पैसे त्या किरायातून निघत नव्हते, हे माझ्या वहीतल्या सहा हजारांनी मला शिकवले.

छत्तीसगडने २०११ साली नवा भाडेनियंत्रण कायदा केला आणि पारडे फिरले. आता कारण न देता सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन घर मोकळे करून मागता येते; अट एवढीच, की पुढचे बारा महिने ते अधिक किरायाने देऊ नये.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा माझ्या सदनिकेत लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणारा एक तरुण आई आणि पत्नीसह राहत होता. किराया आठ हजार झाला होता. लग्ने थांबली आणि किरायाही. मजुरांकडून महिनाभर किराया मागू नये, असा केंद्राचा आदेश होता; हा मजूर नव्हता, पण मी विचारले नाही. जुलैअखेर चार महिने थकले. माझ्या पत्नीचे औषधपाणी त्याच पैशांवर चालत असे. स्नेही म्हणाले, "नोटीस द्या. कायदा तुमच्या बाजूला आहे."

एके दुपारी मी कागद पुढे ओढला आणि त्याचे नाव लिहिले. अक्षर तेच होते, मनीऑर्डरच्या अर्जावरचे. उठलो, चहा केला, पुन्हा बसलो. काकूची बाजू घ्यावी तर सूचना पाठवायला हवी आणि बाबांची घ्यावी तर फाडायला हवी. आणि मी तर दोघांचाही ऋणी.

सूचना मी पाठवली. पाठवली नाही असे लिहिता आले असते, तर बरे झाले असते.

त्याने वकील केला नाही. डिसेंबरमध्ये, मुदतीच्या महिनाभर आधीच, तो किल्ल्या घेऊन घरी आला. दोन महिन्यांची अनामत वळती करून घ्या म्हणाला, बहुतेक उरलेले पैसे त्याने मोजून दिले. एका महिन्याचे राहिले होते. "अंकल, वो मैं भेज दूँगा," तो म्हणाला. मी नको म्हटले. त्याने ऐकले नाही, आणि दिलेल्या पैशांची पावती मागितली. काकूने १९७९ नंतर आम्हांला पावती दिली नव्हती. मी पावतीपुस्तक काढले, तारीख घातली आणि रक्कम अक्षरी लिहिली.

दुसऱ्या दिवशी टाटीबंधला गेलो. भिंतीवरचे खिळे उपटून त्याने छिद्रे बुजवली होती. त्या पांढऱ्या ठिपक्यांवरून त्यांच्या तसबिरी कोठे होत्या ते ओळखू येत होते. नवा किरायेदार आला तेव्हा किराया आठ हजारच ठेवला.